उत्तर उद्या

मालन गेली हे मला कळायच्या आधी आमच्या गल्लीला कळलं.

सकाळची वेळ होती. चहाचं आधण ठेवलं होतं आणि माझा फोन वाजला. माझा फोन कायम स्पीकरवर आणि मोठ्या आवाजावर असतो. सगळा जन्म इचलकरंजीत यंत्रमागावर काढल्यावर माणसाचे कान जेवढे उरतात तेवढेच माझे उरलेत. पलीकडून दवाखान्यातली कुणी मुलगी बोलत होती.

"मालन उरुणकर तुमच्या कोण?"

"मिसेस. जरा मोठ्यानं बोला, मला कमी ऐकू येतं."

ती काहीतरी बोलली. मी म्हटलं, "काय? ऑक्सिजन?" ती परत बोलली. मी म्हटलं, "अजून मोठ्यानं." मग ती ओरडली. ओरडताना तिचा आवाज फाटला एवढं कळलं, शब्द कळले नाहीत. गॅलरीत रेंज चांगली येते म्हणून मी बाहेर आलो आणि म्हटलं, "आता बोला."

ती पुन्हा ओरडली. समोरच्या जिन्यात सुताराची सून उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला. शेजारचा अस्लम दाढी अर्धी टाकून बाहेर आला, एका गालावर फेस तसाच. खालीही दोघंतिघं थांबले होते. सगळे माझ्याकडे बघत होते.

अस्लमही मागावरचाच. कारखान्यात माग सुरू झाले की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून आम्ही लोक आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतो आणि ओठ बघून ऐकतो. ही सवय घरीही सुटत नाही. अस्लमच्या तोंडाला मास्क नव्हता. त्यानं ओठांनी सांगितलं, "वहिनी गेल्या."

मी फोनमध्ये म्हटलं, "कळलं." त्या मुलीला बिचारीला तेवढं तरी बरं वाटलं असेल.

आत आलो. गॅस बंद केला. फळीवर मालनचा फोन चार्जिंगला लावलेला होता आणि तो एकसारखा उजळत होता. ती दवाखान्यात जाताना तो घरीच ठेवून गेली होती. पोरांची उत्तरं यायची होती.

मालन अंगणवाडीत बाई होती. साथ आली, अंगणवाडी बंद झाली, आणि वरून सांगून आलं की पोरांचं शिकणं फोनवर सुरू ठेवा, रोज घरच्यांबरोबर करायचं काहीतरी पाठवा. पहिल्यांदा ती वैतागली. "तीन-चार वर्षांची पोरं. ती फोनवर काय शिकणार? माझं नाक बघणार." पण मग तिला त्यातली गोडी लागली. कधी मूग आणि मटकी मिसळून वेगळी करायला सांगायची, कधी घर पावलांनी मोजायला सांगायची. आजी, काका, जो कोण घरात अडकलाय त्यानं पोराबरोबर बसायचं, ही तिची अट होती.

त्यात पोरांना सगळ्यात आवडला तो 'आवाज ओळखा'. ती घरातला एखादा आवाज फोनवर घ्यायची. आवाज संपला की म्हणायची, "उत्तर उद्या." घरोघरी सगळ्यांनी मिळून ऐकायचं आणि पोरानं आपल्या तोंडानं उत्तर पाठवायचं. दुसऱ्या दिवशी ती खरं उत्तर सांगायची आणि ज्यांचं बरोबर आलं त्यांची नावं घ्यायची. त्या घरात त्या पोराच्या नावानं तीन टाळ्या वाजायच्या. अंगणवाडीतली ही तिची जुनी रीत.

प्रत्येक आवाज पाठवायच्या आधी ती माझ्यावर तपासायची. माझ्या कानाशी फोन धरायची आणि ओठांनी विचारायची, "येतोय?"

"येतोय. कुकरची शिट्टी."

"झालं. तुम्हाला ऐकू आला म्हणजे गावाला आला."

एकदा मात्र तिनं मला न विचारता पाठवला. दुसऱ्या दिवशी गॅलरीत आलो तर अख्खी गल्ली हसायला लागली. अस्लम म्हणाला, "म्हादबा, आमच्या बारक्यानं पाठवलं, रेडा. त्याच्या आईनं, ट्रक. चुकलं की रे आमचं!" मी दुपारचा घोरत होतो तो आवाज होता. मी मालनवर चिडलो तर ती म्हणाली, "घरातला आवाजच मागितला होता. तुम्ही घरात नाही का?"

नंतर घरोघरी माणसं तपासायचं काम अंगणवाडीच्या बायकांवर आलं. ती उन्हातान्हात वह्या आणि ते तापमान बघायचं यंत्र घेऊन फिरली. मग तिला कणकण आली. तिनं स्वतःच आतल्या खोलीत अंथरूण टाकलं आणि मला बाहेर ठेवलं. दाराबाहेर ताट ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. ती दार उघडून ताट घ्यायची, तेव्हा ओठांनी सांगायची, "बरी आहे." मास्क खाली ओढून सांगायची, नाहीतर मला कळलं नसतं.

तशातही ती रोज पोरांना पाठवत होती. शेवटचा आवाज तिनं त्या बंद खोलीतून पाठवला. तो माझ्यावर तपासला नाही. दाराच्या फटीतून तपासणार कशी, असं तेव्हा मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. पांढऱ्या कपड्यातले दोघं होते, त्यांचे डोळेही काचेच्या आत. मालन स्वतःच्या पायांनी जिना उतरली. गाडीत बसल्यावर तिनं मास्क खाली केला आणि ओठांनी म्हणाली, "फोन बंद करू नका. पोरांची उत्तरं येतील." मग आणखी काही सांगायला लागली, तेवढ्यात त्यातल्या एकानं तिचा मास्क वर केला. त्याचं काही चुकलं नाही, त्याचं कामच ते. मास्क हलत होता एवढं मला दिसलं. ती बोलत होती. दार लागलं.

ते बोलणं काय होतं ते मला कळलं नाही.

पुढचं सगळं नगरपालिकेच्या माणसांनी केलं. मला घराबाहेर पडायची परवानगी नव्हती, गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले होते. मुलगी हुबळीला दिलेली, तिला येता आलं नाही. अस्लमनं जिन्यात डबा ठेवावा आणि मी तो उचलावा, असं चाललं होतं.

मग एका दुपारी हौसाबाई आली. ती अंगणवाडीत मदतनीस. मागच्या बोळातून येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली आणि लांब सरकून तिनं मास्क खाली केला. माझ्याशी बोलायचं तर तोंड दाखवावं लागतं हे तिला माहीत होतं.

"दाजी, जेवलासा काय?"

"जेवलो."

"खोटं बोलू नका. तोंड बघा कसं झालंय, वाळल्या वांग्यागत." तिनं इकडंतिकडं बघितलं. "एक बोलायचं होतं. रागावू नका."

"बोल."

"पोरं उत्तर मागत्यात."

"कसलं उत्तर?"

"त्या आवाजाचं. बाईंनी शेवटचा पाठवला त्याचं. बाई गेल्या हे ज्यानं त्यानं आपल्या पोराला सांगितलंय. पण बारकी पोरं ती. रडत्यात, आणि रडून झालं की विचारत्यात, मग उत्तर कोण देणार?"

"तुला माहीत असेल की."

"मला कुठलं? मी म्हटलं पोहे भाजत्यात. माझं कधी बरोबर आलंय? बाई म्हणायच्या, हौसा, तू पोरांत बस."

तोवर मी तो आवाज लावला नव्हता. त्याच्या आधी मालनचं बोलणं होतं, म्हणून. हौसाबाई समोर असताना मी फोन घेतला, आवाज सगळा वाढवला आणि कानाला दाबला. मालन म्हणाली, "बाळांनो, आजचा जरा अवघड आहे हं. घरातल्या सगळ्यांना विचारा." एवढं नीट आलं. मग काही नाही. अगदी लांब काहीतरी घासल्यासारखं, की तेही मला वाटलं, सांगता येत नाही. मग, "उत्तर उद्या."

मी हौसाबाईला विचारलं, "कसा आहे गं?"

"खरखर हाय. बारीक. येतोय, थांबतोय, परत येतोय."

आमच्याच घरातला आवाज. मालननं तो काढला तेव्हा मी दाराच्या या बाजूला बसलो होतो. मला वाटलं, वस्तू सगळ्या इथंच आहेत, शोधला तर सापडेल. मी फोन खिडकीतून हौसाबाईकडे दिला. सूप घेऊन तांदूळ पाखडले. ती एका कानाशी फोन धरून ऐकत होती. "न्हाई. जरा जवळ हाय, पण न्हाई." खराटा फरशीवर ओढला. "न्हाई." खोबरं किसलं. प्लास्टिकची पिशवी चुरगळली. आतल्या खोलीत जाऊन मालनच्या अंथरुणाची चटई गुंडाळली आणि उलगडली.

"न्हाई वो दाजी. ह्यो जरा ओला वाटतोय."

मी बादलीत पाणी घेऊन हात हलवला. नुसता वेडेपणा. हौसाबाई हसायला लागली आणि हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला.

"तांदूळ म्हणून सांगून टाकू," ती म्हणाली. "बऱ्याच घरांनी तांदूळच पाठवलंय. पोरांच्या टाळ्या होतील, विषय मिटंल."

"आणि तांदूळ नसला तर?"

"कोण सांगायला येणार हाय?"

मी म्हटलं, "बाईनं कधी खोटं उत्तर दिलं नाही. गल्ली उघडू दे. बघू."

गल्ली उघडली. बांबू सोडले त्याच दिवशी अश्विनी दारात आली. मागच्या गल्लीतली, तनिष्काची आई. तनिष्का मालनच्या अंगणवाडीतली, चार वर्षांची, बोलायला फटकळ. मालन तिला 'वकीलसाहेब' म्हणायची.

"मामा, येऊ का? बसत नाही, इथूनच बोलते." तिनं मास्क खाली केला. "तनू ऐकत नाही हो. त्या आवाजाचं. तिचं उत्तर मी पाठवलंच नव्हतं. काहीतरीच होतं, मला बरं वाटलं नाही पाठवायला. मी आपलं तांदूळ लिहून टाकलं. तिला ते कळलं. तेव्हापासून जेवताना, झोपताना एकच. माझं उत्तर पाठव, माझं उत्तर पाठव."

"काय म्हणते ती?"

अश्विनीचा हात मास्ककडे गेला. "तुम्हीच या ना. तुमचं ऐकेल."

मी मालनचा फोन घेतला आणि गेलो.

तनिष्काचे आजोबा भीमूआण्णा बाहेरच्या खोलीत खाटेवर बसले होते, उशीला टेकून. सूतगिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात त्यांचा जन्म गेला. कापसाची पूड छातीत बसली ती बसलीच. चार पावलं चालले की बसायला लागायचं. मला बघून त्यांनी हात जोडले. साथीत अशा माणसाच्या जवळ जाऊ नये म्हणून मी उंबऱ्याशीच स्टूल घेतलं.

तनिष्का आतून पळत आली. "मामा, बाईंचा फोन आणलाय?"

"आणलाय. सांग तुझं उत्तर."

"असं नसतं. आधी आवाज लावायचा. मग घरातल्यांनी ऐकायचं. मग उत्तर."

"बरं, वकीलसाहेब."

"ते बाई म्हणतात. तुम्ही नाही म्हणायचं."

मी आवाज लावला. मालन बोलली. सगळ्यांनी फोनकडे कान केले. पुढचं मला काही ऐकू आलं नाही, मी त्यांची तोंडं बघत होतो. तनिष्का खाटेवर चढली आणि भीमूआण्णांच्या बंडीवर छातीला कान लावला. एक बोट वर करून थांबली. फोनवर मालन म्हणाली, "उत्तर उद्या."

"हा," तनिष्का म्हणाली. "हा आवाज इथं आहे. आज्जाच्या आत. मी झोपताना रोज ऐकते. बाईंनी पण छातीवर फोन ठेवला."

"बघा," अश्विनी म्हणाली. "मी हेच म्हणते. बाई कशाला असलं देतील? त्या घरातला आवाज द्यायच्या."

"मामा घोरतात तो पण घरातलाच होता," तनिष्का म्हणाली.

अश्विनी आत निघून गेली. आत भांडं पडलं, तेवढं मला ऐकू आलं.

तनिष्काचा कान अजून छातीवरच होता, तोंड आता भिंतीकडे वळलं होतं. भीमूआण्णांनी तोंडावरचा पंचा खाली केला आणि माझ्याकडे बघितलं. तेही गिरणीतलेच. त्यांनी आवाज न काढता ओठांनी सांगितलं, "पोरगी बरोबर सांगतीया."

मीही ओठांनी विचारलं, "कशावरून?"

"ह्यो वस्तूचा आवाज न्हवं. ह्यो आतला. मला माहीत हाय."

"मालनला कळलं होतं?"

"आपली छाती वाजाय लागली तर कुणाला कळत न्हाई?"

मी फोनकडे बघितलं. त्याचा पडदा विझला होता, नुसता काळा. मी दाराच्या या बाजूला बसलो होतो. रोज ताट ठेवत होतो. ती ओठांनी सांगत होती, बरी आहे, आणि मी ओठ बघून घेत होतो. छातीतला आवाज दार उघडं असतं तरी मला ऐकू आला नसता. हे तिला पक्कं माहीत होतं.

"मामा," तनिष्का भिंतीकडे बघतच मोठ्यानं म्हणाली. "बरोबर ना?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. भीमूआण्णांनी पंजा वर केला. कारखान्यात माग बंद करायची ती खूण. हात आपोआप थांबतो, तसं माझं तोंड थांबलं.

"न्हाई म्हण," ते ओठांनी म्हणाले.

"का?"

"बाई छातीच्या दुखण्यानं गेल्या असं तिला सांगून बसलोय. आणि ही रोज ह्या छातीवर कान ठिवून झोपतीया. ह्यो आन् त्यो एकच म्हटलास, तर झोपायची न्हाई. कधी थांबतोय ते ऐकत बसंल."

त्यांना एवढं बोलूनही दम लागला. आवाज काढला नव्हता तरी. छाती वरखाली झाली तसं पोरीचं डोकं वरखाली झालं.

"नाही बाळ," मी मोठ्यानं म्हटलं. "तांदूळ होता. बाई तांदूळ पाखडत होती."

ती उठून बसली. "कोणी सांगितलं?"

"बाईनंच. गाडीत बसताना."

"तांदळाचा असा नसतो."

"सुपात असतो."

"नसतो. मी ऐकलाय." मग ती म्हणाली, "तुम्हाला तर ऐकूच येत नाही."

"तनू!" अश्विनी ओरडतच आतून बाहेर आली. तिचे डोळे लाल होते. तनिष्का खाटेवरून उतरली आणि कोपऱ्यात पाठ करून बसली. भीमूआण्णांनी पंचा वर घेतला. त्यानंतर त्यांचे ओठ दिसले नाहीत.

संध्याकाळी माझ्या सांगण्यावरून हौसाबाईनं उत्तर पाठवलं. मालनच्या फोनवरून नाही, स्वतःच्या. बाई तांदूळ पाखडत होत्या, ज्यांचं बरोबर त्यांनी टाळ्या वाजवा. मग घरोघरचे व्हिडिओ आले. आजी, काका, बाप, सगळे पोराभोवती बसलेले, आणि पोराचं नाव घेऊन तीन टाळ्या. अस्लमच्या बारक्याच्या नावानंही वाजल्या. टाळ्या मला चांगल्या ऐकू येतात. तनिष्काच्या घरचा व्हिडिओ आला नाही. तिच्या आईनं तांदूळच लिहिलं होतं, म्हणजे त्यांचंही बरोबर धरलं होतं.

तनिष्का आता मोठ्या शाळेत जाते, सायकलवर. भीमूआण्णा साथीतून वाचले आणि नंतर आपल्या जुन्या दम्यानंच गेले. तेव्हा पोरगी आजोळी होती. मी चौकात अस्लमबरोबर बसलेला असलो की ती सायकल हळू करते आणि ओरडते, "मामा, तांदूळ नव्हता!" एवढ्या वर्षांत एकदा चुकवलं नाही. मी कानाला हात लावून मान हलवतो, ऐकू आलं नाही म्हणून. ती हसते आणि जाते.

अस्लमला सगळं माहीत आहे. मागच्या आठवड्यात ती गेल्यावर तो म्हणाला, "आता सांगून टाक की. आता कुणाच्या छातीवर झोपतीया ती?"

"तेच तर," मी म्हटलं. "ज्यांच्या छातीवर झोपत होती त्यांची आठवण आहे की तिला. तो आवाज तिच्यासाठी झोपेचाच राहू दे."

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "वहिनींनी कधी खोटं उत्तर दिलं नव्हतं रं."

मालनचा फोन अजून फळीवर आहे. ती म्हणाली होती बंद करू नका, म्हणून मी तो चार्जिंगला लावतो.

तनिष्काचं उत्तर बरोबर होतं. तिच्या नावाच्या तीन टाळ्या वाजवायच्या राहिल्यात.